आठ लाख सत्तेचाळीस हजार तीनशे वीस

यंत्राच्या मागून दोन पाय बाहेर आलेले दिसत होते, आणि समोरच्या पडद्यावर सुकेशनीचा आकडा नव्हता.

पायांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. ती पडद्याकडेच बघत राहिली. आठ लाख सत्तेचाळीस हजार तीनशे वीस... सहा वर्षं पहिल्या ओळीत, आणि पुढे तिच्या नावाची तीन अक्षरं. त्या जागी आता दहा हजार, दहा हजार, दहा हजार. जणू या यंत्राला आजवर कुणी हातच लावला नव्हता.

क्रांती चौकामागच्या गल्लीतल्या हबीबचाचांच्या दुकानात एकेकाळी व्हिडिओ गेमची अशी नऊ यंत्रं होती. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकली जातात, आणि विमानांच्या खेळाचं हे एकच यंत्र कोपऱ्यात उरलं आहे. वाळूजच्या तिच्या कंपनीला शुक्रवारी सुट्टी. दर शुक्रवारी सुकेशनी येऊन एक डाव खेळायची, आपला आकडा बघायची आणि खुशीत घरी जायची.

"कुणी केलं हे?" तिनं विचारलं.

पाय आत गेले आणि यंत्रामागून एक सावळा तरुण उभा राहिला. कपाळाला धूळ, हातात टाके मारायची सोल्डरगन. "काय केलं?"

"माझा आकडा कुठंय?"

"तो तुमचा होता व्हय..." त्याचा चेहरा उतरला. "अहो, बोर्डावर एक बॅटरी असते. यंत्र बंद केलं तरी आकडे तिच्या जोरावर टिकतात. ती फुटली होती, हिरवं पाणी सुटलं होतं. अजून महिनाभर राहिली असती तर आख्खा बोर्ड खाल्ला असता. म्हणून काढली."

"न विचारता?"

"चाचांना विचारलं ना."

"आकडा चाचांचा होता का?"

गल्ल्यामागून हबीबचाचा अपराधी आवाजात म्हणाले, "बेटा, गलती माझी हाय. मीच बोल्लो त्याला, खोल के देख."

एका आकड्यासाठी एवढा संताप कशाला, असं कुणाला वाटेल. वाटू दे. सुकेशनी कंपनीत दिवसाला चारशे सुटे भाग मोजते, आणि तिनं भरलेल्या प्रत्येक तक्त्याखाली सही असते सुपरवायझरची. कॉलेजात असताना तिनं हा आकडा केला, तर पोरं म्हणाली, भावाला खेळायला बसवलं असेल. तिला भाऊच नाही. तिनं कुणाशी वाद घातला नाही, कारण उत्तर पडद्यावर होतं. तिच्या एकटीच्या नावावरची ती एकच गोष्ट, आणि ती या बाबानं उपटून कचऱ्यात टाकली होती.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "निदान फोटो तरी घ्यायला पाहिजे होता. पण... आकडा पाठ हाय ना तुम्हाला? कॉम्प्युटर जोडून तेवढाच भरून देतो. कुणाला कळणार नाय."

"मला कळंल ना," ती म्हणाली. "उद्या तुम्ही वीस लाख भराल. मग मी खेळायचं तरी काहून?"

त्यानं तिच्याकडे नीट बघितलं, आणि त्या बघण्यात कीव नव्हती. ते तिच्या ध्यानात आलं, आणि त्याचाही तिला राग आला.

"नाव काय तुमचं?"

"कडूबा. हसू नका."

"मला हसायला सुचायलंय का आत्ता? नवी बॅटरी कवा लावता ते सांगा. मी परत करीन तेवढा आकडा."

कडूबानं हातातल्या सोल्डरगनकडे बघितलं, छताकडे बघितलं. "तसला सेल... इथं मिळत नाय. दिल्लीवरून मागवावा लागंल."

म्हणजे तोवर यंत्र चालू आहे तेवढा वेळच आकडा राहणार. संध्याकाळी चाचांनी बटण बंद केलं की सगळं कोरं.

पुढच्या शुक्रवारी ती आली तर कडूबा होताच. व्होल्टेज बघायला आलो, म्हणाला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी खेळायच्या दांड्याची स्प्रिंग ढिली होती. तिसऱ्या शुक्रवारी कारण सांगायचंच तो विसरला.

पडेगावात त्याचं दुकान होतं. वॉशिंग मशीनचे, वजनकाट्यांचे बोर्ड दुरुस्त करायचा. घर कन्नडकडे, घरची मेंढरं. शाळेत असताना मेंढरांमागे फिरता फिरता त्यानं बापाचा रेडिओ तीनदा उघडला होता, आणि तिसऱ्यांदा तो वाजला होता.

"शुक्रवारी दुकान कोण बघतं?" तिनं पडद्यावरची नजर न हलवता विचारलं.

"बंद असतं."

"आधीपासून?"

"नाय... आता आता."

तिनं बटण जरा जास्तच जोरात दाबलं. दुपारचं ऊन दारातून थेट पडद्यावर यायचं आणि तिला विमानं दिसायची नाहीत. हल्ली मात्र स्वच्छ दिसत होती. का, म्हणून तिनं आज मागे पाहिलं, तर कडूबा दारात ऊन अडवून उभा होता. त्याची पाठ घामानं भिजली होती, आणि तसा तो गेले तीनही शुक्रवार उभा होता.

"तुम्ही बोर्ड बघायला येता, का मला?"

"बोर्ड तर चांगला हाय..." एवढंच तो म्हणाला.

त्या शुक्रवारी सहा लाख झाले. चौथ्या शुक्रवारी सात लाख नव्वद. त्या त्या संध्याकाळी दोन्ही आकडे पुसले गेले. "सेल आला का?" ती विचारायची. "नाय अजून," तो जमिनीकडे बघून म्हणायचा.

पाचव्या शुक्रवारी चाचा नमाजला गेले होते. सुकेशनीचे हात आज आपोआप चालत होते. शेवटचं विमान पडलं तेव्हा पडद्यावर आठ लाख एकसष्ट हजार चाळीस होते. जुन्यापेक्षा जास्त. तिनं नावाचं पहिलं अक्षर लावलं, दुसरं लावलं... आणि वीज गेली.

पंखा थांबला. काळ्या काचेत तिला स्वतःचाच चेहरा दिसत होता. रडू येत होतं आणि रडायची चीडही येत होती. "आता कोण म्हणणार मी केला म्हणून?"

"मी म्हणीन," कडूबा दारातून आत आला. आणि मग फार हळू म्हणाला, "पण... माझ्यावर विश्वास ठेवू नका. सेल माझ्याकडंच हाय."

त्यानं खिशातून छोटं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं.

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून. दिल्लीबिल्ली काही नाय. इथंच गुलमंडीवर घड्याळाच्या दुकानातबी मिळतो. तुम्ही म्हणालात ना, मला कळंल... तवाच मला वाटलं, ही बाई परत परत दिसली पाहिजे. सेल लावला असता तर त्याच दिवशी माझं इथलं काम संपलं असतं."

सुकेशनीनं पाकीट उचलून त्याच्या हातात कोंबलं.

"लावा. आत्ता. माझ्यासमोर."

"सोल्डरगन कशावर तापवू? लाईट नाय."

तिला जायला रस्ता मोकळा होता. सेल लागेपर्यंत हलायचं नाही असं तिनं स्वतःला बजावलं, आणि ते अर्धंच खरं होतं. दोघं दोन स्टुलांवर घामाघूम होऊन बसले. चाचा आले, दोघांचे चेहरे बघितले आणि चहा सांगायच्या निमित्तानं परत बाहेर पडले.

"माझं कंपनीतलं काम दुसरा सही करून आपल्या नावावर घेतो," ती शेवटी म्हणाली. "तिथं मला कुणी विचारत नाय. इथं तुम्हीबी तेच केलंत. बॅटरी काढताना विचारलं नाय, लावायची नाय हेबी तुम्हीच ठरवलं. नुसतं म्हणाला असतात, भेटत जा... तर आले असते मी."

कडूबा मान खाली घालून बसला होता. "आले असते?"

"असते म्हणाले."

सव्वातीनला वीज आली. त्यानं सेल जोडला, आणि ती टॉर्च धरून प्रत्येक टाका तपासत राहिली. मग ती खेळली. अर्धं लक्ष त्या नव्या टाक्यांकडेच होतं; दोन लाख चौदा हजारांवरच डाव संपला. तिनं तीन अक्षरं लावली, मागे जाऊन स्वतः बटण बंद केलं, दहापर्यंत मोजलं आणि चालू केलं.

आकडा होता. लहान होता, पण जागच्या जागी होता.

"जमंल तुम्हाला परत," तो म्हणाला. "त्याच्याहूनबी जास्त."

"ते माझं मी बघते. आता ऐका. मला तुमचा राग हाय. अजून लई दिवस राहणार हाय. आणि तुम्ही मला आवडता. दोन्ही खरं हाय." तिनं पर्स खांद्याला लावली. "मंगळवारी साडेपाचला आमची कंपनीची बस क्रांती चौकात येते."

"मी थांबतो तिथं."

'थांबतो' ऐकून तिनं भुवया उंचावल्या.

कडूबा गडबडला. "म्हणजे... थांबू का?"

"थांबा," सुकेशनी म्हणाली.