मुकुंदरावांशी कोण बोललं?

डिटेक्टिव्ह अलकाताईंच्या गौलीगुड्यातल्या कचेरीत आलेली मृण्मयी अगदी रडकुंडीला आली होती. माणसानं साध्या मराठीत प्रश्न टाईप करायचा आणि कॉम्प्युटरनं आपल्या अकलेनं बसची माहिती सांगायची, असा प्रोग्राम ती पीएचडीसाठी लिहीत होती. साल सत्त्याण्णव, अशा कामाकडे नव्या कंपन्यांचे डोळे लागले होते.

चाचणीला मराठी मंडळातले मुकुंदराव आले. कोर्टातले निवृत्त टायपिस्ट. त्यांनी नांदेडची बस विचारली. उत्तर उमटलं : 'सकाळी निघा. आंबट खाऊ नका, पित्त उसळेल.'

पित्त हा शब्द प्रोग्रामला ठाऊकच नव्हता. मृण्मयीनंच आतल्या खोलीत माणूस बसवून फसवणूक केली, असं तिच्या गाईडनं ठरवलं. आता पीएचडी रद्द व्हायची वेळ आली होती.

अलकाताईंनी काम घेतलं. त्यांचा मावसभाऊ विकास नुकताच पुण्याहून मदतीला आला होता. त्याला संशय मृण्मयीचाच.

मुकुंदराव दिलसुखनगरला एकटेच राहत. मुलीनं बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून तिचं तोंड पाहिलं नाही, म्हणाले. एरवी उत्तराची अख्खी ओळ एकदम येई, असं मृण्मयीनं सांगितलं होतं; त्या दिवशी मात्र त्यांच्यासमोर एकेक अक्षर उमटत गेलं, मधलं एक खोडलंही गेलं.

मृण्मयीच्या लॅबमध्ये हर्षद भेटला. मृण्मयीच्या शिष्यवृत्तीवर डोळा असलेला. ताईंनी ते उत्तर त्याला वाचायला दिलं. इथे तेलुगू मुलखातच वाढलेला हर्षद मराठी फडाफडा बोले, पण वाचताना अक्षराअक्षराला अडखळला.

बाहेरच्या पडद्यावर जिथून टाईप करता येई, त्या आतल्या खोलीतल्या मुख्य टर्मिनलवर ज्योती रेड्डी ही ऑपरेटर बसे. तिचं मराठी ऐकून विकास चकित झाला.

"मी दार लावून आतच होते," ती म्हणाली. मग मुकुंदरावांचं विचारलं, "अण्णा बरे आहेत ना?"

दुसऱ्या दिवशी ताईंनी सगळ्यांना लॅबमध्ये बोलावलं. मुकुंदराव बाहेरच्या खोलीत बसले. ज्योती आतून बाहेर आलीच नाही. दार तेवढं उघडं राहिलं.

"यंत्र अक्षर खोडत नाही, माणूस खोडतो," ताई म्हणाल्या. "हर्षदला मराठी वाचता येत नाही, मग लिहिणार कुठून? आणि मुकुंदरावांचं पित्त मृण्मयीला कुठून कळणार? ते घरच्याच माणसाला माहीत."

"पण त्यांच्या घरी कुणीच नाही," विकास म्हणाला.

"ज्योती त्यांना अण्णा म्हणाली, ते तू ऐकलंस."

"इथे सगळ्यांनाच अण्णा म्हणतात."

"तेलुगूत अण्णा म्हणजे थोरला भाऊ. सत्तरीच्या माणसाला इथे तातगारू, म्हणजे आजोबा म्हणतात. अण्णा म्हणते ती मराठी घरातली लेक."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. त्या दिवशी बाहेरून बापाचा आवाज ओळखला आणि राहवलं नाही, असं ज्योती म्हणाली. मृण्मयीवरचा आळ आपण घालवायला हवा होता, पण तोंड उघडायचा धीर झाला नाही, असं ज्योतीनं आतूनच कबूल केलं. बाप दाराशी आला की परत फिरेल, याचीच तिला भीती होती. गाईडनं मान खाली घातली.

मुकुंदराव उठले आणि आतल्या दाराशी गेले. ज्योतीचे हात अजून कीबोर्डवर होते.

"आता टाईप करू नकोस," ते म्हणाले. "बोल."