शेवटच्या गाठीआधी

हसू नका. आणि तू रे, टाकीला टेकून बसलेला, जरा इकडे सरक. हे माझ्या दोस्ताच्या बाबतीत घडलंय. कबुतरं येऊ नयेत म्हणून जाळ्या बसवायचा तो, थोरल्या भावाबरोबर.

भाऊ डावखुरा आणि कामाला चोख. इमारतीच्या मधोमध पाइपांची पोकळी असते ना, डक्ट, त्यावर जाळी ताणली की शेवटची गाठ मारण्याआधी तो एक टाळी वाजवायचा. आत फडफड झाली की थांबायचा. पाखरू बाहेर पडलं की मगच गाठ. गेल्या वर्षी असल्याच एका डक्टमध्ये पडून तो गेला. तेव्हापासून आमच्या दोस्तानं टाळी सोडली. त्याला ती ऐकवायचीच नाही.

थंडीतला मंगळवार, अमावास्या. रात्री आठच्या सुमारास गिऱ्हाइकाचा फोन आला. दुपारी लावलेल्या जाळीखाली कबूतर अडकलंय, फडफडीनं बाळ झोपत नाही. हा कुरकुरत गच्चीवर गेला, जाळीचा एक कोपरा कापला आणि पुरुषभर खाली असलेल्या छज्ज्यावर उतरला. कबूतर सापडलं. त्यानं ते शर्टात घातलं.

आणि वर टाळी वाजली.

एकच. सावकाश. त्यानं ती ओळखली... भिंतीला चिकटून तो गप्प राहिला. श्वाससुद्धा घेईना.

वर कोणी दिसत नव्हतं. पण कापलेला कोपरा मिटत होता. एक टाका. आणखी एक...

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. आत जिवंत काही नाही, असं वाटतंय वरच्याला. त्यानं घाईघाईनं कबूतर वर सोडलं. ते फडफडत फटीतून गेलं. टाके थांबले.

मग पुन्हा सुरू झाले.

पाखरू तर बाहेर पडलं होतं ना...

कटर वर राहिलेला. खाली सात मजले. एक टाका. आणखी एक. शेवटी कसाबसा पुटपुटला, "दादा... मी आहे आत."

...

काहीच नाही. टाकाही नाही. उरलेल्या फटीतून खांदे सोलवटत तो वर आला. गच्ची रिकामी होती.

सकाळी मी गेलो त्याच्याबरोबर. मला हे सगळं खोटं ठरवायचं होतं. अर्धा कोपरा शिवलेला होता. प्रत्येक गाठीचा पीळ उलटा, डाव्या हाताचा. शेवटची गाठ तेवढी मारलेली नव्हती. दोरा नुसता लोंबत होता.