दुसऱ्या निरीक्षकाला न दिसलेला कुरव

जे एकट्याने पाहिलं, ते पाहिलंच नाही. एखाद्या तपस्वी माणसाच्या तोंडी शोभावं असं हे वाक्य आहे. प्रत्यक्षात ते पक्षीमंडळाच्या नियमावलीतलं कलम सात आहे, आणि कलम सहा ओले मोजे हीटरवर वाळत घालू नयेत याबद्दल आहे. दुर्मीळ पक्षी दोघांनी एकाच वेळी पाहिला तरच त्याची नोंद होते, एवढाच कलम साताचा अर्थ.

म्हणून मंडळात चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतात. दोन हिवाळ्यांपूर्वी काकांच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी एक मुलगी, मैत्रिणीला सर्दी झाली म्हणून, तिच्या जागी पाणपक्षी मोजायला आली. चिठ्ठीत तिच्या वाट्याला वजनमापांचा निरीक्षक आला. हा गृहस्थ आठवडाभर दुकानादुकानांतून तराजू तपासायचा आणि सुट्टीत बदकं मोजायचा. धुक्यात तिने पहिल्यांदाच बोट दाखवलं आणि म्हणाली, "ते बघा, बदक."

"खात्री आहे?" त्याने विचारलं.

तो प्लॅस्टिकचा कॅन होता.

मंडळात सगळे त्याला 'खात्री'च म्हणत, हे तिला चहाच्या वेळी कळलं. पुढच्या दोन्ही हिवाळ्यांत चिठ्ठीत पुन्हा तोच निघाला. ती याला नशीब समजली. चिठ्ठ्या सेक्रेटरीबाई टाकायच्या, आणि त्या भूमिती शिकवून निवृत्त झाल्या होत्या. दोन बिंदू दिसले की मधे रेघ ओढल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

तर ओळख एकूण सहा दिवसांची, हिवाळ्याला एक शनिवार-रविवार, यंदाचा धरून. त्यातला बराचसा वेळ दोघं टेलिस्कोपला डोळा लावून तिसरीकडेच बघत असत. एवढ्या भांडवलावर माणूस प्रेमात पडत नाही, असं ती स्वतःला वर्षभर समजावायची. मग हिवाळा आला की नवी टोपी घ्यायची.

यंदा अडचण अशी होती की तिच्या काकांनी दुसरं दुकान काढलं होतं, आठ तासांच्या प्रवासावर. ते तिनेच सांभाळावं असं त्यांचं म्हणणं होतं, आणि होकार की नकार ते सोमवारी सकाळी दहापर्यंत कळायला हवं होतं. नकाराला कारण लागतं. तिच्याकडे कारण होतं, पण ते शेजारी उभं राहून बदकं मोजत होतं आणि काही बोलत नव्हतं.

शनिवारी दुपारी, पाणथळीच्या बांधावर, तिने त्याला हे सांगून टाकलं. म्हणजे फक्त दुकानाचं. तो तलवार बदकांच्या थव्यात दोनशे बारावर होता. ऐकून तो थांबला, मग हळूच म्हणाला, "एक... दोन... तीन..."

तीन वर्षांत त्याची मोजणी कधी चुकली नव्हती. ती मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली. त्याचे कान लाल झाले होते, पण वाराही होता. पुराव्याला ते पुरेसं नव्हतं.

संध्याकाळी विश्रामगृहात सूप पिताना सेक्रेटरीबाईंनी तिला बाजूला घेतलं. हा माणूस, त्या म्हणाल्या, बहिणीच्या लग्नात आहेराच्या भांड्यांची मापं तपासत बसला होता. याच्याकडून काही बोलण्याची अपेक्षा ठेवायची तर पंचवार्षिक योजना आखून ठेव. ती हसली. रात्रभर तिच्या डोक्यात सोमवार होता.

रविवारी सकाळी त्यांना मोजणीला बंदरावरचा जुना धक्का मिळाला होता. तिथे मासेमारीच्या होड्या लागत, म्हणून कुरव, म्हणजे सीगल, जमत. धक्क्याच्या खांबांना नुकतंच डांबर लावलं होतं. त्याचा वास थर्मासमधल्या कॉफीलाही लागला. थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ निघायची आणि प्रत्येक वाक्य जरा महत्त्वाचं वाटायचं.

दोघांत एक टेलिस्कोप. तो फोकस लावत होता, ती मागून सवयीने म्हणाली, "आता बरं दिसतंय... की आता?"

"गिऱ्हाइकांना असंच विचारता?"

"हो. निम्मे जण घाबरून दोन्ही सारखंच म्हणतात."

"मग तुम्ही काय करता?"

"पुन्हा विचारते."

तो बाजूला झाला. "तुम्ही बघा. मी दुर्बिणीतून बघतो."

तिने डोळा लावला. नेहमीचे करडे कुरव, त्यांची भांडणं, एक थापट्या बदक चोच पाण्यात घालून. मग कडेच्या खांबावर... एक पक्षी. सगळा पांढरा, एकही डाग नाही. पाय काळे. बांधा गुबगुबीत, कबुतरासारखा. आणि पक्ष्यांच्या पुस्तकात नेमकं हेच लिहिलं होतं. हस्तिदंती कुरव, उत्तरेच्या बर्फात राहणारा, वाट चुकला तरच इकडे दिसणारा. मंडळाच्या चाळीस वर्षांत कोणी पाहिला नव्हता. तिने श्वास रोखला आणि मनात अकरापर्यंत मोजलं. पक्षी उडून होड्यांमागे गेला.

"पाहिलात?" ती कुजबुजली.

"नाही."

"अहो, दुर्बीण गळ्यात होती तुमच्या. कडेच्या खांबावर होता, हस्तिदंती!"

"दुर्बीण गळ्यातच होती," तो म्हणाला. "डोळ्यांना नव्हती."

"मग तुम्ही बघत कुठे होतात?"

त्याने कॉफीच्या झाकणाकडे बघितलं. 

ती चिडली. तीन वर्षांत तिच्या नावावर एकही नोंद नव्हती, आणि उद्या काकांना होकार कळवून ती बहुतेक आठ तास लांब जाणार होती. विश्रामगृहाकडे परतताना तिने त्याला नुसती सही करायला सांगितलं. मी पाहिलाय ना, मग तुमचं काय जातं. तो म्हणाला, न पाहिलेल्या वजनावर त्याने आजवर शिक्का मारलेला नाही. ती म्हणाली, मग बसा तराजू घेऊन. 

नोंदीच्या फॉर्ममध्ये तळाशी एक रकाना असतो: दुसऱ्या निरीक्षकाने पक्षी न पाहिल्याचे कारण. आजवर त्यात 'लघुशंका' आणि 'काचेवर धुके' याशिवाय तिसरं कारण कोणी लिहिलं नव्हतं. 'खात्री'ने तिचा फॉर्म घेतला, खिडकीपाशी बसला आणि बराच वेळ लिहीत राहिला. एकदा खोडलं. तो कधी खोडत नसे.

दुपारच्या बैठकीत सगळे फॉर्म मोठ्याने वाचायची पद्धत होती. अठरा माणसं, ओले बूट, बशीत बिस्किटं. सेक्रेटरीबाईंनी तिचा फॉर्म उचलला, पक्ष्याचं वर्णन वाचलं, लोक पुढे सरकले. मग बाई तळाच्या रकान्यापाशी थांबल्या, चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला, आणि वर्गात प्रमेय वाचावं तशा सुरात वाचू लागल्या:

"सहा अठ्ठावन्न ते सात वाजून चार मिनिटे, दुसरा निरीक्षक पहिल्या निरीक्षकाकडे पाहत होता. दृश्यमानता उत्तम."

कोणी बिस्किट चावत होता, तो थांबला.

ती उठून खिडकीपाशी, त्याच्याजवळ गेली. लोक छताकडे बघू लागले, म्हणजे छताकडे तोंड करून तिकडेच बघू लागले.

"खात्री आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"सहा दिवसांत?"

"पहिल्याच हिवाळ्यात वाटलं होतं," तो म्हणाला. "कॅनच्या वेळी. मग दरवर्षी पुन्हा तपासलं... फरक येत नाही."

 त्याची टोपी एका कानावरून वर सरकली होती, ती तिने नीट खाली ओढली. वाऱ्याचा काही प्रश्न नव्हता, खोली बंद होती, तरी कान लालच होते.

सोमवारी पावणेदहाला तिने काकांना नकार कळवला. कारण विचारलं तेव्हा सांगितलं, इथे वजनमापांचं काम निघालंय. काका म्हणाले, आपल्या दुकानात तराजू कुठे आहे? ती म्हणाली, आजवर नव्हता.

तिची नोंद मंडळाच्या समितीने फेटाळली. दुसरा साक्षीदार नव्हता.

तीन आठवड्यांनी दोघं त्याच धक्क्यावर गेले, या वेळी चिठ्ठ्या न टाकता. पहाट झाली, आणि त्याच खांबावर तोच पांढरा पक्षी येऊन बसला. या खेपेला दोघांनी एकदमच पाहिला. तिने त्याचा हात धरला, त्याने घड्याळात वेळ बघितली. मागून धक्क्याचा पहारेकरी दाण्यांची पिशवी घेऊन आला आणि त्याने शीळ घातली. पक्षी उडत येऊन त्याच्या मनगटावर बसला.

पहारेकऱ्याने सांगितलं, पाय मुळात तांबडे आहेत; खांबांना डांबर लावल्यापासून काळे झालेत, रॉकेलनेही निघत नाहीत. कबुतर त्याच्या मेव्हण्याचं होतं.