दुसऱ्या ओळीतलं नाव

आफेफाला नवं गाणं सुचलं की निरोप सेफाकोरला यायचा, आणि तोही न्याहारीच्या आत. तेग्बी गावाचा रिवाजच तसा होता. रचणारीनं गाणं आधी दाराआड एकाच माणसाला द्यायचं, त्या माणसानं ते तीनदा म्हणून दाखवायचं, आणि मगच ते गाणाऱ्या मंडळीत न्यायचं. रचणाऱ्यांचा भरवसा काय? सकाळी सुचलेलं दुपारी विसरतात. सव्वीस वर्षं आफेफाची गाणी सेफाकोरनंच झेलली होती आणि तिच्या मागे एक पाऊल उभं राहून दुसरा आवाज दिला होता.

गाणी सगळी मैताची. लगूनच्या खाऱ्या पाण्याकाठच्या गावांत कुणीही गेलं की आफेफाला बोलावणं जायचं. ती येऊन गाईपर्यंत मेलेल्यालाही आपण मेलोय हे नीट पटत नाही, असं लोक थट्टेनं म्हणत.

हे ऐकलं की सेफाकोरचा जळफळाट होई. खरं सांगायचं तर गळा तिचाच सरस होता. आफेफा वरच्या सुरात फाटायची, शब्द गाळायची, आणि सेफाकोर मागून तो सूर असा उचलून धरायची की ऐकणाऱ्यानं म्हणावं, वा, काय आफेफाचा गळा! एकदा रेडिओवाले आले तेव्हा त्यांनी माइक आफेफापुढे धरला आणि हिला म्हणाले, "बाई, जरा मागे सरा." ती सरली. त्यातून प्रत्येक गाण्याच्या दुसऱ्या ओळीत, गाणं कुणाचं हे कळावं म्हणून, आफेफाचं नाव गुंफलेलं. 'आफेफा म्हणते.' 'आफेफाला विचारा.' सव्वीस वर्षं हे नाव सेफाकोरनं स्वतःच्या तोंडानं आळवलं होतं. आपलंही नाव एखाद्या दुसऱ्या ओळीत यावं, एवढंच तिला हवं होतं. पण तिला कधी गाणं सुचलं नाही. कांद्याच्या वाफ्यांना पाणी घालताना ती वाट बघायची. सुचायचं ते फक्त संध्याकाळचं कालवण.

त्या वर्षी कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत असाच निरोप आला. आफेफा खोलीत भिंतीला टेकून बसली होती. हवेत गारठा होता, तरी तिच्या कपाळावर घाम होता. तिनं दार लावून घेतलं आणि गाणं म्हटलं.

'भरती उतरली, वाळू उघडी पडली,
होडीवाला हाक मारतो — हं हं हं,
पाय उचल, चूल तशीच राहू दे.'

असं गाणं तिनं आजवर रचलं नव्हतं. सेफाकोरच्या अंगावर काटा आला, आणि लगेच त्याचा रागही आला.

"दावी," थोरल्या बहिणीला मारतात तशी तिनं हाक मारली, "नावाच्या जागी हे काय? हं हं हं?"

"असू दे तसंच."

"बिननावाचं गाणं आणि बिनबुडाचं भांडं सारखंच गं."

"गुणगुणूनच म्हण. आणि मंडळीत नेऊ नकोस एवढ्यात." आफेफा दाराकडे बघत बोलत होती. सव्वीस वर्षं तिची नजर सेफाकोरवर खिळून असायची, ती आज एकदाही तिच्याकडे वळली नाही.

सेफाकोरनं तीनदा म्हणून दाखवलं, गुणगुणून. घरी जाताना तिला कोडं सुटलं. आन्लोगा गावच्या मोठ्या उत्सवासाठी राखून ठेवतेय! सगळ्या राजांसमोर नाव घालणार, आणि आपण मागे उभ्या. मत्सराला असं कारण सापडलं की तो पोट भरून जेवतो.

आठ दिवसांनी आफेफा तापानं आडवी झाली, आणि नेमकं शेजारच्या वोए गावात एक मोठं मैत निघालं. मंडळी सेफाकोरला पुढे घालून गेली. पुढे गाणारीच्या हातात असते ती आफेफाची घोड्याच्या शेपटीची चवरी तिनं न विचारताच उचलली.

शनिवारची दुपार होती; मैतं शनिवारीच होत. मांडवाखाली खुर्च्यांच्या रांगा, वाळत घातलेल्या मासळीचा वास, समोर दुखवट्याची लाल-काळी वस्त्रं नेसलेल्या बायका. सेफाकोरनं दोन जुनी गाणी म्हटली, आफेफाच्या नावाची. गळा तर असा लागला होता की बस! तरी पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "आफेफा मागून येतेय का?"

झालं. सेफाकोरनं चवरी वर केली आणि ते गाणं काढलं.

दुसऱ्या ओळीशी ती क्षणभर थांबली. मग तिनं आपलं नाव घातलं. से, फा, कोर. तीन हुंकारांच्या जागी तीन ठोके. माप घेऊन शिवल्यासारखं बसलं.

तिसरी ओळ तिनं म्हणायच्या आतच वोएच्या बायकांनी म्हटली.

सगळ्यांनी. एका सुरात. ढोलावरच्या दुन्योचा हात चुकला, जो कधी चुकत नसे. "यांना कधी शिकवलंस?" तो पुटपुटला. तिला उत्तर द्यायला फुरसत नव्हती. बायका रडत रडत उठून येत होत्या आणि तिच्या घामेजल्या कपाळावर बिदागीच्या नोटा चिकटवत होत्या, ज्या आजवर फक्त आफेफाच्या कपाळावर चिकटल्या होत्या.

सगळं आटोपल्यावर एक म्हातारी काठी टेकत आली आणि तिचा चेहरा चाचपू लागली.

"तूच होय सेफाकोर?"

"मीच, आजी."

"माझी आजी मासे खारवताना म्हणायची हे गाणं. आम्ही विचारायचो, कोण गं ही सेफाकोर? तर म्हणायची, यायचीय अजून." म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. "बरी आहेस दिसायला."

म्हातारपणी असंच होतं, ऐकलेलं नवं जुनं वाटतं, असं सेफाकोरनं मनाशी ठरवलं. कुणीतरी गाणं फोनमध्ये भरून घेतलं होतं. सोमवारी ते रेडिओवर लागलं, दुपारच्या मैतांच्या बातम्यांच्या वेळी. दोन दिवस ती हवेत होती. जाळी ओढणारे तिचं नाव घेत ओढत होते. लगूनच्या पलीकडून, पाण्यावरून, अनोळखी गळ्यांतून तिचं नाव येत होतं. सुख म्हणतात ते हेच.

बुधवारी बाजारात केंकी विकणारीनं पानात गुंडाळलेला मक्याच्या पिठाचा गोळा तिच्या हातात ठेवता ठेवता मागे घेतला.

"अगं, तू अजून इथे?"

"मग कुठे असू?"

"नाही, तसं नाही," ती ओशाळून म्हणाली. "घे, घे. चांगली खाऊन घे."

सेफाकोर तडक आफेफाकडे गेली. आफेफाचा ताप उतरला होता. ती अंगणात बसली होती आणि तिचे डोळे रडून सुजले होते.

"नाव घातलंस," ती म्हणाली.

"रिकामी जागा होती, घातलं! तुझं एकटीचंच नाव असायला हवं का जगात?"

"रिकामी नव्हती गं. गाणं आलं ते नाव घेऊनच आलं. तुझं. माझ्या तोंडून निघेना, म्हणून मी गुणगुणत ठेवलं."

सेफाकोर तिच्यासमोर उकिडवी बसली.

"मग आता?"

"आता पुढचं कडवं ऐकू येतंय मला. सकाळपासून."

सेफाकोर घाबरली होती, हे खरं. पण त्या भीतीच्याही वर जे उसळून आलं ते जुनंच होतं. "तेही तुलाच?" ती ओरडली. "माझं कडवं, आणि तेही तुलाच ऐकू यावं?"

आफेफानं पदराच्या टोकात तोंड लपवलं.

सेफाकोर घराजवळ पोहोचली तर अंगणात पाहुणे. लोमेची मावशी, अफ्लाओचे मेहुणे, कितीतरी भाचरं. सगळे लाल-काळ्यात. तिला बघून एकच गोंधळ झाला. मग हशा पिकला.

"रेडिओवर तुझं नाव ऐकलं," मेहुणे डोकं खाजवत म्हणाले. "आम्हाला वाटलं... जाऊ दे. जिवंत आहेस, देवाची कृपा."

"मग परत जाल ना?"

कुणी उठलं नाही.

"आता एवढं भाडं खर्चून आलोच आहोत," मेहुणे म्हणाले, "तर शनिवारपर्यंत थांबतो."

दारासमोर खुर्च्या मांडून झाल्या होत्या. परसात उसनी आणलेली मोठी पातेली पालथी घातलेली होती. मावशी सुपात कांदे घेऊन पायरीवर बसली होती. तिच्या शेजारी सेफाकोर हळूच टेकली. तिनंही एक कांदा सोलायला घेतला. मग तिच्या तोंडून एकच प्रश्न निघाला.

"शनिवारी पुढे उभं राहून गाणार कोण?"

"आफेफाच. आणखी कोण?"

"आणि दुसरा आवाज?"

मावशीनं नवलानं मान वर केली.

"दुसरा आवाज तुझाच की. तुझ्यावाचून तिला कोण सांभाळून घेणार?" ती म्हणाली, आणि पुन्हा कांदे सोलू लागली.