आवाज आला की दाबा

बैस गं शिल्पा. तो दिवा असा तुझ्याकडे सरकव, तुझं तोंड मला दिसलं पाहिजे. या खोलीत दिवसाही अंधार, त्यात लाइट गेली की माझे हाल कुत्रं खात नाही. ओठ दिसले नाहीत तर मला कुणाचं काही कळत नाही. हो असेल तर मान हलव, नाही असेल तर हात. ओरडू नकोस, चिनू आत झोपलीय.

तुला का बोलावलं? तू खालच्या मजल्यावर नवीन आलीस म्हणून. जुन्या शेजारणींना सांगितलं असतं तर उद्या सकाळी अख्ख्या काचीगुड्यात झालं असतं. काम एवढंच आहे, माझ्या सुनेला, अश्विनीला, फोन लावायचाय. मला फोनवर ऐकू येत नाही. तिला सांगायचं, ऑफिसातून आत्ता नीघ आणि तुझी मुलगी घेऊन जा. संध्याकाळी ती घरी येईपर्यंत माझी हिंमत टिकायची नाही, मी स्वतःला ओळखते. पण आधी ऐकून घे. नाहीतर ती विचारील का, आणि तू माझ्या तोंडाकडे बघत बसशील.

काय, ऐकू येत नाही म्हणून आश्चर्य वाटलं? येता-जाता बोलतेस तेव्हा मी हसून मान हलवते ना? सगळ्यांशी तसंच करते.

थंडीत सर्दी झाली आणि कानाला दडे बसले. बसतात, त्यात काय. नणंदेनं लसूण तळून कोमट तेल घातलं, तिचा रामबाण उपाय. त्या तेलानं आतला मळ असा फुगला की दोन्ही कान ठार बंद. आपल्या गल्लीच्या तोंडाशी एक कानाचा डॉक्टर बसायचा. त्यानं बॅटरी मारून बघितलं, म्हणाला खडा झालाय, थेंब घाला, आठवड्यानं या, काढून टाकू. आठवड्यानं गेले तर शटर खाली. स्वारी लेकीकडे अमेरिकेला! परत कधी येणार ते शेजारच्या मेडिकलवाल्यालाही ठाऊक नाही.

मग आबिड्सजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात गेले. तिथं काय करतात ठाऊक आहे? नावानं हाका मारतात. कानाच्या पेशंटांना! अगं, हाक ऐकू आली असती तर मी तिथं कडमडले असते कशाला? सकाळपासून बाकड्यावर बसले. माझ्या मागून आलेले आत जाऊन, दाखवून, घरी गेले. शेवटी काउंटरवर विचारलं तर ती पोरगी माझ्या कानाशी येऊन खेकसली, “कित्ती बार पुकारी मैं, अम्मा! सोने कू आते क्या यहाँ?” डॉक्टर जेवायला गेले होते. मग ते तिथूनच ऑपरेशनला गेले. मी तिला काय काय बोलले ते तुला सांगत नाही, पण त्या दवाखान्यात परत जायची सोय राहिली नाही एवढं खरं.

त्याच आठवड्यात चिनू पलंगावरून पडली. मी तिच्याकडे पाठ करून वाटाणे सोलत होते. अश्विनी घरी आली तेव्हा पोर रडून रडून उचक्या देत होती आणि मी आपली शेंगा मोडतेय. तीन वर्षांचं लेकरू गं… कपाळाला हे एवढं टेंगूळ.

अश्विनी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं रात्री विक्रमला समोर बसवलं आणि मला दिसेल असं सावकाश सांगितलं, “आईंचे कान तपासून घेऊ. रिपोर्ट चांगला आला तर ठीक. नाही आला तर चिनू माझ्या आईकडे, नांदेडला.” माझा लेक मान खाली घालून बसला. मला असा राग आला, असा राग आला… नांदेडला! हे गेल्यापासून माझा दिवस त्या पोरीनं उजाडतो. ती गेली तर या भिंतींशी बोलू?

तर दिलसुखनगरला गेलो. खाली कोचिंग क्लास, वर हा कानाचा दवाखाना. जिन्यात सगळी पोरांची गर्दी, चपला, पाठीवर दप्तरं, आणि वर पोचलं की एकदम कुणी नाही. डॉक्टर नवाच होता. पिचकारीनं पाणी मारायला लागला तर माझ्या डोक्यात कळ गेली, मी त्याचा हातच धरला. तो घाबरला. म्हणाला, पडद्याला भोक असेल तर? आधी टेस्ट करा, रिपोर्ट बघून मळ काढू.

टेस्टची खोली म्हणजे कपाटच समज. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना, छताला, दाराला आतून गालिचासारखं जाड कापड लावलेलं. एक काचेची छोटी खिडकी. खिडकीच्या पलीकडे मशीनवर बसलेली बाई, तिच्यामागे अश्विनी, कडेवर चिनू. बाईनं माझ्या कानांवर ते हेडफोन चढवले, हातात वायरीचं बटण दिलं, आणि तोंड मोठं करून म्हणाली, “आवाज आला की दाबा. बारीकसा आला तरी दाबा.” आणि दार लावून घेतलं.

आत वास येत होता. ओल्या गोधडीचा… आणि त्यात संत्र्याच्या गोळीचा. लहान मुलं चघळतात ना, ती. मला वाटलं, आधी कुणी पोर येऊन गेलं असेल.

मी वाट बघत बसले. काही नाही. माझ्याच कपाळाची शीर उडताना कळत होती, बाकी काही नाही. काचेतून दिसत होतं, बाई मशीनवर बोट फिरवतेय, माझ्याकडे बघतेय, परत फिरवतेय. म्हणजे आवाज सोडत होती ती, आणि मला ओ की ठो कळत नव्हतं. अश्विनीचा चेहरा बघितला. तिनं चिनूला खांद्यावर असं घट्ट धरलं होतं की जणू आत्ताच नांदेडची गाडी पकडायचीय. मी देवाला म्हटलं, कुणीतरी सांगा रे मला. कुणीतरी.

आणि माझ्या अंगठ्यावर दुसरा अंगठा आला.

हसू नकोस. लहान होता. गार होता. त्यानं माझा अंगठा बटणावर दाबला… आणि सोडला. मी खाली बघितलं. हातावर काही नव्हतं. पुन्हा दाबलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझं नख पांढरं पडलं. वरून दाबल्यावर पडतं तसं. बाईच्या मशीनवर दिवा लागला. तिनं मान डोलावली.

मला ओरडायला हवं होतं. दार पाव हातावर होतं. पण अश्विनी हसली गं… एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. मी गप्प बसले. पुढची टेस्ट त्यानंच दिली. मी फक्त हात पुढे करून बसले.

बाहेर आले तर ती बाई रिपोर्ट सगळ्यांना दाखवत होती. अश्विनीनं मला घरी येताना सांगितलं ती काय म्हणाली ते. “छे साल के बच्चे के कान हैं, अम्मा के!” डॉक्टरनं तो कागद बघितला आणि पिचकारी ठेवून दिली. एवढा मळ असून सगळं ऐकू येतंय, मग काढायचा कशाला, पडद्याला इजा झाली तर? वय झालं की असं वाटतं, म्हणे. म्हणजे बघ, कान बंद ते बंदच, आणि आता ते उघडून द्यायला कुणी तयार नाही. दुसऱ्याकडे जाऊ तर अश्विनीला काय सांगून जाऊ?

पण खरं सांगू? जायची गरजच वाटली नाही. ते माझ्याबरोबर घरी आलं होतं.

बेल वाजली की अंगठा दाबायचं. कुकरची शिट्टी झाली की दाबायचं. चिनू जरा कुरकुरली की दोनदा, पटपट. मी हातातलं टाकून धावायची. अश्विनी म्हणायची, आई, तुमचे कान खरंच कमालीचे आहेत! मला वाटलं, हे देवानंच कुणीतरी धाडलंय. रात्री झोपताना मी हळूच म्हणायची, झोप हं बाळा. कुणाला म्हणत होते, कुणास ठाऊक.

मग ते उगीचच दाबायला लागलं. दाराशी जावं तर कुणी नाही. गॅसपाशी जावं तर गॅस बंद. गॅलरीत जावं तर नुसता संत्र्याच्या गोळीचा वास. मी चिनूकडे परत वळले की इतक्या जोरात दाबायचं की डोळ्यांत पाणी यायचं. हे बघ नख. काळंनिळं झालंय. विक्रमला सांगितलं, दारात सापडलं म्हणून.

आणि चिनू रडली की… काहीच नाही. आता काहीच नाही. परवा मी गॅलरीत त्याच्या मागं मागं फिरत राहिले. आत आले तर पोर जमिनीवर. रडून रडून ओकलेली, चेहरा सुजलेला. आणि माझा अंगठा गार, गप्प. चिनूनं माझ्याकडे असं बघितलं… तिनं मला मारलं असतं तरी चाललं असतं. पुसलं तिला, मांडीवर घेतलं, म्हटलं, आजीला हाक का नाही मारलीस? तिचे ओठ मला सगळ्यांत चांगले कळतात. ती म्हणाली, “मारली. ती म्हणते, आजी तिची आहे.”

कुणाची गं, म्हटलं. तिनं माझ्या हाताकडे बोट दाखवलं.

रडत नाहीये मी. डोळ्यांत दिव्याचा धूर जातोय.

काल पुन्हा एका डॉक्टरकडे गेले, कुणाला न सांगता. त्यानं आधीचा रिपोर्ट मागितला. बघून म्हणाला, आजी, घरी जा, माझा वेळ खाऊ नका. म्हणून आता ठरवलंय. चिनूला जाऊ दे नांदेडला. ती माझ्याजवळ नाही राहिली तरी चालेल, पण ती राहिली पाहिजे, कळतंय का तुला? मी अश्विनीच्या शिव्या खाईन. मी टेस्टमध्ये खोटं बोलले म्हणून सांग. त्या दुसरीचं काही सांगू नकोस, तिचा विश्वास बसायचा नाही. फक्त म्हण, आईंना अजिबात ऐकू येत नाही, आत्ता ये. लाव फोन.

लाव ना.

तू आतल्या खोलीकडे काय बघतेयस?

शिल्पा… इकडे बघ. दिव्यात तोंड कर. चिनू उठली? रडतेय? मोठ्यानं?

नाही गं, असं कसं… माझ्या अंगठ्याला काहीच नाही. हे बघ, काहीच नाही. आणि ते दार… मी उघडं ठेवलं होतं ते. तू आलीस तेव्हा उघडं होतं ना? मग बसलीस काय, ऊठ! थांब, आधी सांग, चिनूच रडतेय ना? मान हलव. नुसतं हो म्हण.

हे काय? दोन बोटं? दोन काय?

दोघी रडताहेत? हात हलवतेयस… नाही?

मग एक रडतेय आणि… दुसरी काय करतेय, शिल्पा? हसतेय?