रंग भरून देणारा चष्मा

सावंतवाडीच्या चितारआळीत तृप्ती चितारी लाकडी फळं रंगवायला बसली, की नाकावर चष्मा हवाच. हल्लीचे चष्मे भलतेच गुणी! डोळा कुठं कमी पडतो ते आपलं आपण ताडतात आणि तेवढं भरून देतात, अगदी रंगसुद्धा. घरोघरी झालेत आता, त्याचं नवल ते काय राहिलं!

रोगणाचा शेवटचा हात मात्र चितारी उघड्या डोळ्यांनीच देतात. काचेवर शिंतोडा बसला, की निघता निघत नाही. तृप्तीनं चष्मा काढला. एका डाळिंबाचा रंग खरवडलेला दिसला, म्हणून तिनं लाल रंगाचा म्हणून एक डबा ओढला आणि लगेहात सगळ्याच डाळिंबांवर कुंचला फिरवला.

धाकटी नणंद शीतल चहा घेऊन आली.

“गे वयनी, ही डाळिंबा हिरवी कित्या रंगवलंस?”

“काय बरळतंस! लालभडक हत ती.”

शीतलनं चष्मा उचलून वहिनीच्या नाकावर चढवला. तृप्तीच्या तोंडचं पाणीच पळालं. डाळिंबं हिरवीगार होती.

शीतलनं तिला तशीच दवाखान्यात नेली. तृप्तीच्या क्षयावर गोळ्या चालू होत्या. त्यातली एक गोळी क्वचित डोळ्यामागच्या नसेवर उठते; आधी लाल-हिरव्यातला फरक जातो, मग नजरच. म्हणून तर डॉक्टर मुणगेकरबाई दर खेपेला तिला रंगीत ठिपक्यांमधले आकडे वाचायला लावत, आणि तृप्ती धडाधड वाचून दाखवी. चष्मा लावून! वाचताना चष्मा काढा, असं कोण कुणाला सांगतं?

“वेळेत आलात हो,” बाई म्हणाल्या. “ही गोळी आजपासून बंद. दुसरी देते.”

हळूहळू उघड्या डोळ्यांना रंग परत दिसू लागले. खराखुरा लाल दिसला त्या दिवशी तृप्ती शीतलच्या गळ्यात पडून रडली. “तू नसतंस तर मी आंधळी झालंय असतंय गे!” मग दोघी लाडू घेऊन दवाखान्यात गेल्या.

“आभार शीतलचे माना,” बाई चष्मा सावरत म्हणाल्या. “तुमचा चष्मा तर सगळं झाकून बसला होता.”

तृप्तीनं त्यांच्या चष्म्याकडे बोट केलं.

“बाईनूं, तुम्ही तुमचो कधी काढलात?”