धुळाची हाक

टेपचे सेल संपले म्हणून जतच्या बाजाराला गेले होते, एवढंच निमित्त. चार सेल, पावशेर गूळ आणि प्रांजलला पाटी. प्रांजल माझी नात, लेकाची पोर, चार वर्षांची. सांगलीला असते, तेव्हा माझ्याकडं राहायला आली होती. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. मेंढरांमागं हिंडताना गुळाच्या कागदावरची अक्षरं जुळवत वाचायला शिकले. तेव्हा मी सांगते ते थापा समजून सोडू नका.

नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये म्हणतात. मी घेते. धुळा. तो गेला आणि मेंढरं कुणाच्याच हाकेला वळेनात. बरं तर बरं, जायच्या आदल्या वर्षी आमच्या धनाजीनं बापाची हाक कॅसेटात भरून ठेवली होती. एकेका मेंढीचं नाव, मधे शीळ, लांबवर म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटा. दिवस कलला की मी बांधावर टेप लावायची आणि मेंढरं घराकडं वळायची. पाच वर्षं असंच चाललं. मागल्या दिवाळीत धनाजी म्हणाला, "आये, फीत झिजती. आबांचा आवाज जाईल." सांगलीला नेऊन त्यानं ती कॉम्प्युटरवर सीडीत उतरवली आणि कॅसेट मला परत आणून दिली.

नवे सेल घातले त्या दिवशी आवाज खणखणीत आला. नेहमीची नावं संपली. शीळ झाली. आणि मग...

"कवडे, ये गं."

कवडी मेंढी तर धुळा गेल्यावर जन्मलेली. सकाळी ती मरून पडली होती. अंगावर ओरखडा नाही, तोंडाला फेस नाही. दुसऱ्या दिवशी "मोरे, ये." तीही त्याच्या मागंच झालेली. तीही गेली. टेप लावूच नये असं ठरवलं, पण मेंढरं माळावर खांबासारखी उभी, आणि त्या बाजूला लांडग्याचं भ्या. तिसऱ्या दिवशी लावलीच. या खेपेला घंटा जवळ वाजत होती.

"प्रांजल... ये गं बाय."

पोर माझ्या शेजारीच पाटीवर रेघोट्या ओढत होती. तिनं मान वर केली.

"आजे, कोण बोलवतंय?"

"कुणी न्हाई. गप बस."

आवाज भरायचं लाल बटण दाबलं आणि टेपात बोलले, "जित्तेपणी माझं एक ऐकलं न्हाई, आता ऐका. पोरीला हात लावायचा न्हाई. न्यायचंच तर मला न्या. पण तिला सगळी मुळाक्षरं शिकवीन, मग येते. त्याच्या आधी न्हाई."

दुसऱ्या दिवशी मेंढरं शेजारच्या कोंडीबाच्या हवाली केली आणि पोरीला घेऊन सांगलीची एसटी धरली. कुणाला काही सांगितलं नाही.

"धनाजी, ती सीडी लाव."

"आये, एवढ्यासाठी उन्हाची आलीस?"

"लाव म्हणते न्हवं!"

दिवाळीत भरलेली सीडी. नावं झाली, शीळ झाली. आणि मग माझाच आवाज... आदल्या दिवशी टेपात बोलले ते शब्दन् शब्द. धनाजीचं तोंड उतरलं. "आये... हे तू कवा बोललीस?" मी हातानंच त्याला गप केलं. कारण पुढं धुळा बोलला, अगदी कानाशी.

"बरं. शिकव."

तेव्हापासून सांगलीतच आहे, पोरीजवळ. शिकवते, पण लय सावकाश. एकेक अक्षर आठ-आठ दिवस घोटून घेते. सूनबाई हसते, "आत्ती, अशानं पोरगी म्हातारी हुईल." होऊ दे. 'ह' झाला आणि मी थांबले. पुढची तीन अक्षरं शिकवायचीच नाहीत, असं मनाशी पक्कं केलं.

काल दुपारी पाटी पुसायला घेतली. खालच्या कोपऱ्यात एका ओळीत, वळणदार : ळ, क्ष, ज्ञ.

"हे कुणी शिकवलं गं?"

"आबांनी."

धुळा उभ्या जन्मात अंगठाच उठवत आला होता.